गाडीतला हँड्सफ्री: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात गाडी चालवताना फोन हातात नको, एवढंच चार ओळींत लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बहुतेकांची गाडी आठ-दहा-बारा वर्षांची आहे, कंपनीच्या स्टिरिओत ब्लूटूथ नाही, आणि बाजारात जे मिळतं त्यातलं काय घ्यायचं आणि कोणाकडून बसवायचं हा सगळ्यांचा घोळ आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: माझी २०१२ ची वॅगनआर आहे, सेकंड हँड घेतली. स्टिरिओला रेडिओ, सीडी, यूएसबी सगळं आहे पण ब्लूटूथ नाही. रोज सातारा-कोरेगाव जाणं-येणं. एक मित्र म्हणतो एफएमवालं लाव, दुसरा म्हणतो स्टिरिओच बदलून टाक. खर्च फार नको पण काम पक्कं हवं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मल्टीमीटर वापरता येतो, तर किट स्वतः बसवू शकेन का? (शिक्षक, सातारा)

उत्तर: सर, मल्टीमीटर हाताळता येतो म्हणजे अर्धं काम झालंच म्हणून समजा, कारण या कामात चुका होतात त्या वायर न मोजता जोडल्यामुळेच.

आधी काय घ्यायचं ते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये घालायचा एफएम ट्रान्समीटर सगळ्यात स्वस्त, पण बोलण्यासाठी मी तो सांगणार नाही. एक तर त्याला रिकामी फ्रिक्वेन्सी लागते आणि पुण्याकडे गेलात की ९१.१, ९३.५, ९८.३ अशी स्टेशनं दाटीनं बसलेली असतात, मग मध्येच गाणं घुसतं. आणि दुसरं म्हणजे त्याचा माईक त्याच्याच पोटात, म्हणजे गिअरच्या पुढे, तुमच्या गुडघ्याजवळ. तुम्ही बोलता समोर काचेकडे बघून आणि माईक ऐकतो गिअरबॉक्सचा आवाज. सन व्हायजरला अडकवायचा बॅटरीवाला स्पीकर मिळतो, तो त्यापेक्षा बरा, माईक तोंडाजवळ येतो, वायरिंग नाही, पण तो चार्ज करायचं लक्षात ठेवावं लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत त्याची लिथियम बॅटरी तापते, हळूहळू फुगते. व्हायजरवालाच घेणार असाल तर गाडी उन्हात लावताना तो काढून खिशात टाकायची सवय लावा.

तुमच्यासाठी दोनच पर्याय खरे, एक तर फिक्स किट, नाहीतर बाहेरून माईक जोडता येणारा ब्लूटूथ स्टिरिओ. जुना स्टिरिओ चांगला चालत असेल तर किट. त्यात एक छोटी डबी असते, एक वेगळा माईक, एक छोटं बटण किंवा डिस्प्ले. स्टिरिओकडून पुढच्या स्पीकरला जाणारी वायर या डबीतून फिरून जाते. फोन आला की डबी स्टिरिओला गप्प करते आणि समोरच्याचा आवाज स्वतःच्या अँप्लिफायरमधून त्याच स्पीकरला देते, फोन ठेवला की गाणं परत सुरू. घेताना आवाज किती मोठा हे विचारू नका, माईक वेगळ्या वायरवर आहे का आणि ती वायर किती लांब हे विचारा.

आता बसवणं. पहिलं काम बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. स्टिरिओला कोड असेल (बॅटरी काढल्यावर स्टिरिओ पुन्हा चालू करायला लागणारा आकडा) तर तो आधी लिहून घ्या, पहिल्या मालकाकडून कोड मिळाला नसेल तर टर्मिनल काढायच्या आधी त्याला फोन करा, नंतर नको. मग डॅशचं पॅनल, ते स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात त्या वापरा, क्लिपा तुटल्या की पॅनल आयुष्यभर कुरकुरत राहतं.

स्टिरिओच्या मागे कपलर, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडणारा प्लग, दिसेल. किटसोबत येतो तो बहुतेक आयएसओ, म्हणजे प्रमाणित साच्याचा, कपलर असतो आणि सुझुकीच्या गाड्यांचा कपलर वेगळा असतो, त्यामुळे मधला अ‍ॅडाप्टर वेगळा घ्यावा लागतो. हा अ‍ॅडाप्टर घ्याच. सर, ही एक गोष्ट मी हट्टानं सांगतोय, कंपनीची एकही वायर कापू द्यायची नाही. दुकानात पोरगा सांगेल की अ‍ॅडाप्टर कशाला, दोन मिनिटांत कापून जोडतो. माझ्या आधीच्या गाडीत असंच जोडलं होतं एका दुकानात, दातात वायर धरून सोलली, पिळली, वर साधी काळी टेप. पहिल्या उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळला, टेप सरकली, आणि पुढच्या पावसाळ्यात खड्ड्यात गाडी आपटली की स्टिरिओ बंद व्हायचा. पॅनल उघडून पाहिलं तर तांब्याची तार हिरवी पडलेली आणि बाजूच्या वायरला घासत होती. अ‍ॅडाप्टर लावला असता तर गाडी विकताना किट काढून पूर्ववत करता आली असती. जिथे जोड द्यावाच लागेल तिथे सोल्डर करा, वर हीट श्रिंकची नळी (तापवली की आवळून बसते ती), आणि वायर डॅशमध्ये खडखडू नये म्हणून कापडी टेप.

आता रंग. आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून घेतलेल्या, सामानात पिवळी म्हणजे बॅटरीची कायम चालू १२ व्होल्ट, लाल म्हणजे एसीसी, किल्ली फिरवल्यावरच येणारी, काळी म्हणजे अर्थ. पण हा रंगांचा नियम किटच्या बाजूचा झाला, गाडीच्या बाजूला रंग काहीही असू शकतात, म्हणून मोजायचं. मोजण्यापुरती बॅटरी परत जोडा, किल्ली काढून प्रत्येक पिन पहा, जिथे १२ च्या वर व्होल्ट दिसतात ती कायमची. मग किल्ली एसीसीवर फिरवा, नवीन जिथे १२ आले ती एसीसी. कागदावर लिहून ठेवा. बॅटरी पुन्हा काढा आणि मगच जोडा. पिवळ्या वायरला बॅटरीच्या बाजूनं फ्यूज हवाच, किटच्या माहितीपत्रकात जितक्या अँपिअरचा लिहिलाय तितकाच, घरात पडलेला मोठा नको. अर्थ जोडाल तो धातूच्या बोल्टवर जोडा, आणि तिथला रंग खरवडून.

शेवटी माईक, आणि इथे मात्र घाई करू नका, एक तास गेला तरी चालेल. ड्रायव्हरच्या बाजूच्या उभ्या खांबाच्या वरच्या टोकाला किंवा छताच्या दिव्यापाशी, तोंडापासून हातभर अंतरावर, तोंडाकडे वळवलेला. वायर खांबाच्या प्लास्टिकमागून खाली आणायची. तुमच्या गाडीच्या खांबात एअरबॅग नाही, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, ज्या गाडीत कर्टन एअरबॅग (छताच्या कडेवरून पडद्यासारखी उघडणारी) आहे, खांबावर तसं लिहिलेलं असतं, तिथे वायर एअरबॅगच्या पुढून कधीच न्यायची नाही, मागूनच, आणि पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावायचा नाही. तिथे काम जमत नसेल तर शोरूमला द्या.

सगळं झालं की पॅनल बंद करायच्या आधी फोन लावून पहा. घरी कोणाला तरी बसवा आणि तीनदा बोला, इंजिन बंद असताना, मग एसी तीनवर ठेवून, मग कोरेगाव रस्त्यावर साठच्या स्पीडला. पलीकडे स्पीकरवर घेऊन दुसऱ्या फोननं रेकॉर्ड करायला सांगा आणि गाडी थांबवून ऐका. माईक इंचभर सरकवला तरी फरक पडतो.

प्रश्न: मला सगळं नीट ऐकू येतं पण पलीकडचे म्हणतात ताई तुम्ही विहिरीतून बोलताय, आणि काहींना त्यांचाच आवाज परत ऐकू येतो. किट महागाचं घेतलंय. फॉल्टी आहे का? (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर: ताई, किट फॉल्टी असण्याची शक्यता कमी आहे. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

विहिरीचा आवाज म्हणजे माईक लांब आहे किंवा समोरच्या काचेवरून, डॅशवरून आपटून आलेला आवाज तो जास्त घेतोय. फिटरनं माईक स्टेअरिंगमागे मीटरच्या वर चिकटवलाय का ते बघा, बऱ्याचदा तिथेच लावतात कारण वायर ओढायचा त्रास नसतो. तिथून काढून वर घ्या. आणि एसीच्या झोतात नको. मी खंबाटकी घाटातून माझ्या मामांना फोन केला होता तेव्हा ते म्हणाले, अरे पावसात कशाला उभा राहून बोलतोयस, आडोशाला जा. बाहेर कडक ऊन होतं. मधल्या एसीच्या जाळीतून हवा थेट माईकवर येत होती, तोच त्यांना पाऊस वाटला. जाळी खाली वळवली आणि पाऊस थांबला. माईकवर स्पंजची टोपी मिळते, पाकिटात असेल तर ती चढवा, फेकून देऊ नका.

दुसरं, त्यांना त्यांचाच आवाज येणं. त्यांचा आवाज तुमच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तो माईकमध्ये शिरतो आणि परत त्यांच्याकडे जातो. किटमध्ये हा आवाज ओळखून कापणारं सर्किट असतं, पण स्पीकर फार मोठा केला की ते कमी पडतं. आवाज दोन-तीन पायऱ्या खाली आणा. डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरमधून येत असेल तर आणि किटमध्ये सोय असेल तर ड्रायव्हरकडच्या दारापासून दूर असलेल्या स्पीकरवर टाकून बघा, माईकपासून जितका लांब तितकं बरं. ज्यांनी किटऐवजी ऑक्स केबलला (स्टिरिओच्या बाहेरचा आवाज घेणाऱ्या सॉकेटची वायर) ब्लूटूथ रिसीव्हर लावलाय त्यांना हा त्रास जास्त होतो कारण आवाज स्टिरिओतून फिरून येतो. त्यांनाच इंजिनचा स्पीड वाढला की किर्रर्र अशी बारीक शिट्टी पण ऐकू येते, ती अर्थची भानगड असते, रिसीव्हरचा चार्जर आणि ऑक्स दोन्हीकडून अर्थ जोडला गेल्यामुळे अल्टरनेटरचा आवाज त्यात शिरतो. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी नळकांडी ऑक्स केबलच्या मध्ये लावतात, बहुतेक वेळा लगेच गप्प होते. पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते.

प्रश्न: किट बसवल्यापासून गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की स्टार्टच होत नाही. मी नोकरीला मुंबईत, गाडी चिपळूणला घरी. ज्यानं बसवलं तो म्हणतो बॅटरी गेली, नवीन घ्या. बॅटरी दीड वर्षाची आहे. (चिपळूण)

उत्तर: थांबा, बॅटरी घेऊ नका अजून. रात्री गाडी लॉक करा, अर्ध्या तासानं बाहेर येऊन काचेतून आत बघा. किटचा निळा दिवा लागलेला दिसतोय का? दिसत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

फिटरनं लाल आणि पिवळी या दोन्ही वायरी एकत्र पिळून कायमच्या १२ व्होल्टला जोडल्या असणार. असं बरेच जण करतात, किल्ली न लावता गाणी लागतात म्हणून गिऱ्हाईक खूश. पण मग किट कधी झोपतच नाही. साधा हिशोब करा, किट समजा ०.२ अँपिअर घेतंय, दिवसाचे २४ तास म्हणजे ४.८ अँपिअर-तास, चार दिवसांत १९ च्या वर. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, त्यातले १९ गेल्यावर सेल्फला ताकद उरत नाही, आणि कोकणातल्या दमट हवेत आधीच टर्मिनलवर पांढरं साचलेलं असेल तर चौथ्या दिवसाचीही वाट बघावी लागणार नाही. बरं बॅटरी अशी पुन्हा पुन्हा पूर्ण उतरली की तिचं आयुष्य खरंच कमी होतं, म्हणजे आज ती चांगली असली तरी सहा महिने असंच चाललं तर त्याचं म्हणणं खरं होईल.

मोजायचं असेल तर मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याच्या वायरच्या मध्ये जोडा, दारं बंद, किल्ली काढलेली, अर्धा तास थांबा म्हणजे गाडीतली बाकी उपकरणं झोपतात. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. पन्नास मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. त्याच्या बराच वर असेल तर किटचा फ्यूज काढून परत बघा, आकडा एकदम खाली आला की चोर सापडला. मग लाल वायर सोडवून एसीसीला न्या. आणि ज्यानं बसवलं त्याच्याकडूनच हे फुकट करून घ्या, काम चुकीचं झालंय, तुमच्या बॅटरीचा दोष नाही.

प्रश्न: इंग्लंडमध्ये २००७ ची गोल्फ घेतलीय. तिच्यात किट लावायला गेलो तर स्टिरिओच्या कपलरमध्ये एसीसीची वायरच सापडत नाही. (लंडनजवळून)

उत्तर: सापडणार नाही, कारण ती तिथे नाहीच. त्या पिढीच्या गोल्फमध्ये किल्ली फिरवल्याची बातमी स्टिरिओला वायरनं नाही, कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या उपकरणांच्या डिजिटल संदेशांच्या सामायिक वायरींवरून, जाते. दोन रस्ते आहेत, एक तर कॅन वाचून एसीसी तयार करून देणारा अ‍ॅडाप्टर, नाहीतर फ्यूज बॉक्समधून किल्लीवर चालू होणाऱ्या फ्यूजला फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून वायर आणणं. एअरबॅग किंवा एबीएसच्या (ब्रेकच्या यंत्रणेच्या) फ्यूजवरून मात्र घेऊ नका. त्याआधीच्या जुन्या फोक्सवागनमध्ये वेगळीच गंमत असते, कायमची आणि एसीसीची जागा आयएसओ कपलरमध्ये अदलाबदल केलेली, त्यामुळे किट दर वेळी तुमचा फोन विसरतं. चांगल्या किटच्या लाल-पिवळ्या वायरींना मध्ये खेचून सुटणारे जोड त्यासाठीच दिलेले असतात. आणि काम होईपर्यंत फोन हातात घेऊ नका, तिकडे २०० पौंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट.

प्रश्न: किट लावलं की गाडीत बोलणं कायदेशीर झालं ना? पोलीस अडवू शकतात का? आणि किटऐवजी कानात इअरबड घातले तर? (नागपूर)

उत्तर: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात धरलेला फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दंड १०,००० वर जातो. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात हातातला फोन फक्त रस्ता बघायला, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं, एवढीच सूट आहे. म्हणजे किटवर बोलणं हे हातात धरणं नाही. पण बोलण्याच्या नादात गाडी लेन सोडून फिरायला लागली तर तेच कलम १८४ तुम्हाला लागू शकतं, तेव्हा किट दाखवून सुटका नाही.

आणि कायदा सोडा, ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. नंबर कोणाचा आहे हे बघायला दोन सेकंद मान खाली गेली तर ४४ मीटर तुम्ही न बघता गेलात. म्हणून डिस्प्ले खाली गिअरपाशी लावू नका, नजरेच्या रेषेत वर लावा. ऑटो आन्सर मी बंदच ठेवायला सांगतो, कारण ओव्हरटेक करताना मध्येच कोणीतरी आपोआप बोलायला लागलं तर ते उचलायचं का नाही हे ठरवायची संधीच जाते. फोन उचलल्यावर पहिलं वाक्य "मी गाडी चालवतोय" हे घरच्यांना आणि ऑफिसला सवयीचं करा, समोरचा आपणहून लवकर ठेवतो. भांडणाचा, हिशोबाचा, दवाखान्याचा फोन असेल तर गाडी बाजूला घ्या. हे मी मनापासून सांगतोय, फोन हातातून सुटतो पण डोकं त्यात अडकलेलंच राहतं.

दोन्ही कानांत इअरबड नकोतच, मागून अ‍ॅम्ब्युलन्स आली तरी कळत नाही.

प्रश्न: किटमुळे गाडीची वॉरंटी किंवा इन्शुरन्स जातो का? (नाशिक)

उत्तर: कपलरनं जोडलं असेल तर वॉरंटीवर वाद व्हायची शक्यता फार कमी. वायर कापली असेल तर इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही क्लेमला कंपनी तोच मुद्दा काढणार. इन्शुरन्समध्ये गाडीच्या कंपनीनं न बसवलेलं इलेक्ट्रिकल सामान वेगळं नोंदवावं लागतं, त्याच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम. साध्या किटसाठी ही रक्कम किरकोळ असते, पण महागडा स्क्रीनवाला स्टिरिओ बसवला असेल तर नक्की नोंदवा आणि बिल जपून ठेवा.

प्रश्न: माझा दहा चाकी ट्रक आहे, त्यात कारचं किट चालेल का? (ट्रक मालक, सोलापूर)

उत्तर: आधी किटच्या मागचं स्टिकर वाचा. कार १२ व्होल्टची आणि तुमचा ट्रक २४ चा. स्टिकरवर १२-२४ असं लिहिलं असेल तर बिनधास्त लावा, फक्त १२ लिहिलं असेल तर ते जोडल्या जोडल्या जळेल, मध्ये २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर लागेल. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ काढून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला नको म्हणा, एकच बॅटरी वापरली जाते आणि दोन्ही असमान होऊन लवकर जातात. आणि केबिनमध्ये इंजिनचा आवाज मोठा, त्यामुळे तुमच्यासाठी डॅशवरचा माईक बिनकामाचा, लवचिक दांडीवरचा माईक मिळतो तो व्हायजरच्या पट्टीला बांधून तोंडासमोर आणा.